जिभेला आलेल्या मुंग्या

गेल्या डिसेंबरात लेकीकडे सिंगापूरला गेलो होतो. एका संध्याकाळी तिने घराजवळच्या एका चिनी खानावळीत नेले. दाराशीच मोठी वाडगी आणि चिमटे ठेवलेले. काचेच्या फडताळात पालेभाज्या, कमळकाकडीच्या चकत्या, अळंब्या, टोफू, माशांचे गोळे, कोलंबी, नूडल्स असे सगळे कच्चेच मांडलेले. ज्याला जे हवे ते त्याने आपल्या हाताने वाडग्यात घ्यायचे, काट्यावर ठेवायचे, वजनाप्रमाणे पैसे भरायचे आणि तिखट कितपत हवे ते सांगायचे. आतला आचारी तो ऐवज जाळीच्या टोपलीत घालून उकळत्या रश्श्यात शिजवतो आणि नंबर पुकारतो. या जेवणाचे नाव मालातांग. 'मा' म्हणजे बधिर, 'ला' म्हणजे तिखट आणि 'तांग' म्हणजे चटका बसेल इतके गरम.

तिसऱ्या घासाला ओठ थरथरल्यासारखे झाले, जिभेला मुंग्या आल्या. लेक माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "बाबा, आजीचं तिखलं आठवलं ना?"

मला तेच आठवले होते. आई वेंगुर्ल्याकडची. वडील रेल्वेत असल्यामुळे लग्नानंतर ती लोणावळ्याला आली ती कायमचीच. माहेराहून दरवर्षी तिला तिरफळांची पुरचुंडी यायची. बांगड्याच्या तिखल्यात ती चार-पाच तिरफळे ठेचून घालायची, आणि ती चावू नका, बाजूला काढा, असे आम्हाला बजावायची. ती गेल्यावर स्वयंपाकघर आवरताना फडताळात एक बरणी सापडली. आत काळपट, उकललेली टरफले होती. जुनी, खराब झालेली मिरी समजून मी ती टाकून दिली. वास घेतला असता तर ओळखली असती. घेतला नाही. आमच्या घरातले तिखले त्या दिवशी संपले.

परत आल्यावर एक प्रश्न सुटेना. लोणावळ्यापासून कामशेत, वडगाव, तळेगावपर्यंत जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर 'शेजवान' लिहिलेली पाटी दिसत नाही असे गाव नाही. हे शेजवान म्हणजेच चीनचा सिचुआन प्रांत, जिथे मालातांग जन्मले. मग आपल्या शेजवान राइसमध्ये, त्रिपल शेजवानमध्ये या मुंग्या का नाहीत? 'ला' आले, 'मा' कुठे राहिले?

आधी सिचुआनकडचे पाहू. मालातांगचा जन्म यांगत्से आणि तिच्या उपनद्यांच्या काठी, नावाडी आणि होड्या ओढणाऱ्या मजुरांमध्ये झाला, असे तिथली परंपरा सांगते. या नद्यांवर प्रवाहाविरुद्ध होडी न्यायची तर काठावरून माणसांनी दोर खांद्यावर घेऊन ती ओढावी लागे. वाफेची पहिली बोट चोंगचिंगपर्यंत पोचली ती १८९८ साली. त्यानंतरही कित्येक वर्षे दोर ओढणारे खांदे होतेच. तिथली हवा दमट, धुक्याची. अंगातला ओलावा तिखटाने निघतो ही चिनी वैद्यकातली जुनी समजूत. म्हणून काठावर तीन दगडांची चूल मांडून मिरची आणि 'ह्वाज्याओ' घातलेल्या पाण्यात मिळेल ते उकळून खायचे. पुढे हे जेवण शहरांतल्या फेरीवाल्यांकडे आले, काड्यांना टोचून विकले जाऊ लागले आणि हिशेब उरलेल्या काड्या मोजून होऊ लागला. आपल्या हाताने निवडून वजनावर घेण्याची पद्धत अगदी अलीकडची. ती हार्बिनसारख्या ईशान्येकडच्या शहरांतून निघालेल्या दुकानांच्या साखळ्यांनी जगभर नेली.

मावळच्या माणसाला ही हकीकत परकी वाटू नये. बोरघाटातल्या रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पहिली गाडी घाट चढली. २५ बोगदे खोदले गेले. कामाच्या ऐन भरात, १८६१च्या सुमारास, घाटावर ४०,०००हून अधिक मजूर होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले हजारो गेले. लोणावळ्याची चिक्की मूळची या लोहमार्गावरच्या मजुरांची गुडदाणी, असे आमच्याकडे सांगतात. आज ती पर्यटकांनी काचेतून निवडून, तोलून घ्यायची वस्तू झाली. श्रमाचे खाणे मौजेचे झाले की त्याचा घाम प्रथम विसरला जातो, हे तिथेही खरे आणि इथेही.

आता मुंग्यांकडे वळू. ह्वाज्याओ म्हणजे मिरी नव्हे आणि मिरचीही नव्हे. झँथोझायलम नावाच्या काटेरी झाडांच्या वंशातले ते फळ. वापरायचे ते त्याचे टरफल. आतले काळे बी टाकून द्यायचे. त्यातल्या सॅन्शूल नावाच्या द्रव्यामुळे मुंग्या येतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ओठांना होणारी ही जाणीव सेकंदाला सुमारे ५० वेळा होणाऱ्या कंपनासारखी असल्याचे दिसले. म्हणजे 'मा' ही रूढ अर्थाने चवच नव्हे. तो एक स्पर्श आहे.

आणि आपले तिरफळ? तेही झँथोझायलमच. जात वेगळी, वंश तोच. सह्याद्रीच्या पावसाळी जंगलात आणि कोकण-गोव्याच्या परसात वाढणारे, खोडावर जाड काटे असलेले हे झाड. तिरफळ, चिरफळ, तेफळ अशी त्याची नावे. आयुर्वेदातल्या त्रिफळाशी त्याचा काही संबंध नाही. बांगडा, तारली अशा उग्र माशांच्या कालवणात ते हवेच. त्याचेही टरफलच वापरतात, बी टाकतात. सिचुआनमधल्या आणि वेंगुर्ल्यातल्या बायकांनी एकमेकींना न विचारता सारखीच रीत बसवली.

मिरचीच्या बाबतीतही असाच योग जुळतो. ती मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकात समुद्रमार्गे आशियात आली. चीनमध्ये तिचा उल्लेख १५९१ सालच्या ग्रंथात 'फानज्याओ', म्हणजे परदेशी ज्याओ, असा सापडतो. 'ज्याओ' हे आधी ह्वाज्याओचे नाव होते. आपणही नव्या पाहुणीला घरातल्या मिरीवरून मिरची म्हटले. नाव देताना दोघांनीही जुन्या ओळखीचा आधार घेतला. सिचुआनच्या स्वयंपाकात मिरची रुळली ती पुढे, अठराव्या शतकापासून. आणि तिथे ती जुन्या ज्याओच्या शेजारी बसली, त्याच्या जागी नाही.

मग ही जोडी आपल्याकडे एकत्र का आली नाही? माझ्या मते याचे उत्तर नकाशात आहे. आपल्याकडे आलेला चिनी माणूस समुद्राने आला, आणि सिचुआन समुद्रापासून हजारभर मैल आत आहे. १८३४ ते १८६४ या काळात महाबळेश्वरला मलायाच्या सामुद्रधुनीकडून आणलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. त्यांनी तिथे बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे पिकवले, वेताच्या टोपल्या विणल्या. मुंबईत माझगावला १९१९ साली उभे राहिलेले सी यूप मंदिर आजही आहे. ते बांधणारे खलाशी कँटनकडचे. कोलकात्यातले चिनी बहुतेक हाक्का आणि कँटनी. ही सगळी दक्षिण किनाऱ्याची माणसे. त्यांच्या रांधण्यात सोया, आले, लसूण होते. ह्वाज्याओचा मान नव्हता.

१९६२च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत स्थानबद्ध केले गेले. कित्येकांनी पुढे देशच सोडला. राहिलेल्यांतल्या अनेकांना खानावळींनी आधार दिला. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईत आले आणि १९७५ साली त्यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आले, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर एकत्र करून चिकन मंचुरियन बनवले. त्याच दशकात ताजमहाल हॉटेलातल्या 'गोल्डन ड्रॅगन'ने सिचुआनी जेवणाची टूम मुंबईत आणली. तिथून नाव खाली उतरले, रस्त्यावर आले. नाव उतरले, पण मसाला उतरला नाही. कारण तो करणाऱ्यांच्या हाताला त्याची सवय नव्हती आणि बाजारात तो मिळतही नव्हता. सुक्या मिरच्या, लसूण, व्हिनेगर, तेल यांची लाल चटणी तेवढी शेजवान ठरली. यात कुणाची लबाडी नाही. परक्या मुलखात आपल्याच माणसांनी संशयाने पाहिले तरी त्यांनाच आवडेल असे रांधून जगलेल्या लोकांची ती कमाई आहे.

विनोद एवढाच की, जो मसाला सिचुआनहून येऊ शकला नाही त्याचा भाऊबंद घाटाखालच्या कोकणात पहिल्यापासून होता. शेजवानला कुणी तिरफळाशी गाठ घालून दिली नाही. तिरफळ घरातल्या बायकांकडे राहिले, शेजवान रस्त्यावरच्या पुरुषांकडे.

यंदा मे महिन्यात सावंतवाडीच्या बाजारातून पाव किलो तिरफळे आणली. दोनदा तिखले करून पाहिले. आईसारखे झाले नाही, पण मुंग्या आल्या. जुलैच्या एका भिजक्या संध्याकाळी खिशात थोडी टरफले घेऊन आमच्या नेहमीच्या चायनीज गाडीवर गेलो. तव्यामागचा मुलगा नेपाळचा, चार पावसाळे लोणावळ्यात काढलेला. टरफल त्याच्या हातावर ठेवले. त्याने हुंगले, दाताखाली धरले आणि हसला. "साब, ये तो टिमूर है!"

नेपाळच्या डोंगरातले टिमूर हेही त्याच वंशातले. घरी आई ते अचारात घालते, असे त्याने सांगितले. मग इथे का घालत नाहीस, असे मी विचारले. "गिऱ्हाईक बोलेगा, माल खराब है," तो म्हणाला आणि कढईत लाल चटणीचा चमचा टाकला.

मी काही बोललो नाही. आईची बरणी मीही खराब माल म्हणूनच टाकली होती. माझी प्लेट त्याने पुढे केली तेव्हा दोन टरफले चुरडून मी वर घातली आणि दोन त्याला दिली. पाऊस लागलेला होता, गिऱ्हाईक दुसरे नव्हते. आम्ही दोघांनी ती चावली.