चांदीच्या पाण्याची कुळकथा

चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तळाशी न बसता तरंगत राहिले, की चांदीचा कलिल तयार होतो. हे कण सुमारे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे असतात. १८८९ मध्ये अमेरिकन रसायनज्ञ केरी ली यांनी सिल्व्हर नायट्रेटपासून रासायनिक क्रियेने असा कलिल बनवला. १८९८ मध्ये जर्मनीत गेओर्ग ब्रेडिग यांनी विजेची वाट दाखवली. पाण्यात बुडवलेल्या दोन धातूच्या तारांमध्ये त्यांनी ठिणगी पाडली आणि धातूचे कण थेट पाण्यात उतरवले. त्याच सुमारास ‘कोलारगोल’ हे चांदीचे औषध जर्मनीत वापरात आले. प्रतिजैविके आल्यावर अशी औषधे मागे पडली.

१९९० च्या दशकात अमेरिकेत ही चांदी घरगुती उपाय म्हणून परतली. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, शुद्ध चांदीच्या दोन तारा आणि डिस्टिल्ड पाणी एवढ्यावर काम भागू लागले. मात्र इतक्या कमी विद्युतदाबावर ठिणगी पडत नाही, विद्युत अपघटन होते. त्यामुळे पाण्यात कणांपेक्षा चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणूच जास्त उतरतात.

अशा पाण्याच्या घरगुती चाचण्याही अपुऱ्याच आहेत. लेझरचा झोत पाण्यातून दिसला, तर कण आहेत एवढे कळते, त्यांचे प्रमाण कळत नाही. कण असलेले पाणी निळा-जांभळा प्रकाश शोषते, म्हणून पिवळसर दिसते. टीडीएस मीटर विद्युतवाहकता मोजतो, त्यामुळे तो फक्त आयनांचा अंदाज देतो. चिमूटभर मीठ टाकल्यावर आलेला पांढरा गढूळपणा सिल्व्हर क्लोराइडचा, म्हणजे आयनांचाच पुरावा. जालना जिल्ह्यासारख्या बेसाल्ट खडकाच्या भागात बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी क्षारयुक्त असते. अशा पाण्यात हा गढूळपणा मीठ न टाकताच येऊ शकतो. म्हणून या प्रयोगाला बॅटरीत घालतात तसले क्षारमुक्त पाणी लागते.

पिण्याचे औषध म्हणून चांदी टिकली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये कलिली चांदीची विनाचिठ्ठी विकली जाणारी औषधे सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असा निर्णय दिला. दीर्घकाळ घेतलेली चांदी त्वचेत साठते आणि अंग निळे-राखाडी होते. या विकाराला अर्गिरिया म्हणतात. तो रंग सहसा कायमचा राहतो.

जंतू मारण्याचा चांदीचा गुण मात्र शरीराबाहेर उपयोगी पडला. भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम आजही लावतात. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेपासून ‘सुजल’ हा जलशोधक तयार केला होता. पुढे त्याच राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून विजेशिवाय चालणारा ‘टाटा स्वच्छ’ डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आला. कण राखेला चिकटून राहतात आणि जंतू त्यांच्या संपर्कात येऊन मरतात. पाण्यातले क्षार मात्र चांदीने कमी होत नाहीत. बोअरच्या जड पाण्याला त्यासाठी आरओसारखी वेगळी प्रक्रिया लागते.