जुन्या वास्तूत भाड्याचे घर : हौस, हक्क आणि खबरदारी

नाशिक, प्रतिनिधी - उंच छत, भिंतभर खिडक्या, उघड्या विटा आणि मधोमध लोखंडी खांब. बंद पडलेल्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत असे घर भाड्याने घेण्याची कल्पना आता शहरी वाचकाला नवी राहिलेली नाही. अशा घराला ‘लॉफ्ट’ म्हणतात. हा शब्द मराठीत आणायचा तर ‘माळा’ हाच जवळचा. मात्र मराठी घरातील माळा अडगळीसाठी असतो, तर लॉफ्ट म्हणजे कारखान्याचा अख्खा मोकळा मजला. नाशिकमध्ये कारखाने राहण्यासाठी वळविण्याची परंपरा नाही. येथे ‘जुन्या ऐतिहासिक वास्तूत भाड्याने राहणे’ याचा अर्थ गोदाकाठच्या वाड्यात राहणे असा होतो. गिरणी असो वा वाडा, भाडेकरूसमोरचे प्रश्न मात्र सारखेच आहेत. इमारत राहण्यासाठी मंजूर आहे काय, ती सुरक्षित आहे काय आणि ती रिकामी करावी लागली तर आपला हक्क कोणता?

न्यूयॉर्कचा धडा

लॉफ्टची सुरुवात हौसेतून नव्हे, गरजेतून झाली. न्यूयॉर्कच्या सोहो भागातील उद्योग हलल्यानंतर तेथील बिडाच्या दर्शनी भागाच्या इमारती ओस पडल्या. १९६० च्या दशकात चित्रकार व शिल्पकारांनी त्या कमी भाड्यात घेतल्या. जागा उद्योगासाठी राखीव असल्याने तेथे राहणे बेकायदा होते. १९७१ मध्ये शहराने कलावंतांना तेथे राहण्याची मुभा दिली. त्यानंतर १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ‘लॉफ्ट कायदा’ केला. मालकाने अग्निसुरक्षा व निवासाच्या अन्य अटी पूर्ण करून इमारत कायदेशीर करावी आणि दरम्यान भाडेकरूला संरक्षण मिळावे, असा त्याचा गाभा होता. म्हणजे लॉफ्टला प्रतिष्ठा मिळाली ती कायद्याने सुरक्षिततेची जबाबदारी निश्चित केल्यानंतर.

गिरणगावात घरे कोठे गेली?

महाराष्ट्रात अशी संधी सर्वाधिक होती ती मुंबईच्या गिरणगावात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने उभ्या राहिल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी महापालिका, म्हाडा व मालक अशी ठरविली. २००१ च्या बदलाने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला.

परिणामी गिरण्यांच्या जुन्या इमारती फारशा घरांत बदलल्या नाहीत. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, तर कमला मिलच्या आवारात कार्यालये व उपाहारगृहे आली. गिरणी कामगारांना घरे मिळाली ती नव्याने बांधलेल्या इमारतींत. जून २०१२ मध्ये म्हाडाने त्यांच्यासाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. औद्योगिक आवाराचा वापर बदलताना बाहेर पडण्याचे मार्ग, छपरावरील बांधकाम आणि अग्निशमन यंत्रणा यांकडे किती काटेकोरपणे पाहावे लागते, याची ती कठोर आठवण ठरली.

सातपूर-अंबडमध्ये शक्य आहे काय?

नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत बंद शेड पाहून तेथे असे घर करता येईल, असे कोणास वाटू शकते. परंतु महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड विकत दिलेले नसून साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. मंजूर वापराखेरीज अन्य वापर महामंडळाच्या परवानगीविना करता येत नाही. कारखान्याची शेड कोणी राहण्यासाठी देऊ केली, तर करारापूर्वी वापरबदलाची लेखी मंजुरी मागावी. ती नसेल तर भाड्याची पावती असूनही तेथील वास्तव्य अधिकृत ठरत नाही.

वाडा : नाशिकचा खरा ‘लॉफ्ट’

जुन्या नाशिकमध्ये मात्र भाडेकरूंच्या पिढ्या ऐतिहासिक वास्तूंत वाढल्या. सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. पण त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतील असंख्य खासगी वाडे कोणत्याही संरक्षणाविना उभे आहेत. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब व तुळयांचा सांगाडा, विटा-मातीच्या जाड भिंती, मध्ये चौक, भोवती ओसरी आणि वर माडी, अशी त्यांची घडण. ‘खण’ म्हणजे दोन खांबांमधील अंतर हेच येथे मोजमाप. एका कुटुंबासाठी बांधलेला वाडा पुढे खणाखणाने भाडेकरूंत वाटला गेला. तळमजल्यावर दुकान, वर बिऱ्हाड आणि चौकात सामाईक नळ ही रचना त्यातूनच आली.

या वास्तूंचा भार लाकूड पेलते आणि त्याचा मुख्य शत्रू पाणी आहे. छपराचे कौल सरकले की पाणी भिंतीत उतरते. भिंतीत रुतलेले तुळईचे टोक आधी कुजते. ते बाहेरून दिसत नाही. त्यात वाळवीची भर पडते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतील ओल बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो. वरच्या मजल्यावर नंतर बांधलेली न्हाणीघरे, पाण्याच्या टाक्या आणि लाकडी पाटणावर घातलेल्या फरशा यांनी मूळ हिशेबात नसलेला भार वाढतो. म्हणूनच पावसाळ्यात वाड्यांच्या भिंती कोसळण्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

नदीकाठच्या भागात पुराचाही विचार आवश्यक आहे. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ च्या महापुरांत गोदावरीचे पाणी काठच्या बाजारपेठांत शिरले होते. दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागले, यावर पूर मोजणाऱ्या नाशिककरांना हे सांगावे लागत नाही. बाहेरून येणाऱ्या भाडेकरूने मात्र जागा पूररेषेत आहे काय, हे महापालिकेच्या नगररचना विभागात पाहून घ्यावे.

दुरुस्ती कोणी करायची?

वाड्यांच्या दुरवस्थेच्या मुळाशी भाड्याचे गणित आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ ने १ ऑक्टोबर १९८७ च्या भाड्यात पाच टक्के वाढ देऊन प्रमाण भाडे ठरविले आणि पुढे दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली. मूळ रक्कमच अल्प असल्याने या वाढीतून सागवानी तुळई बदलण्याचा खर्च निघत नाही. मालक दुरुस्ती टाळतो. हक्क जाईल या भीतीने भाडेकरू धोकादायक खोली सोडत नाही. दोघांचीही बाजू समजण्यासारखी आहे, पण ओझे शेवटी भिंतीवर येते.

कायद्याने मार्ग दिलेला आहे. कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभरात ही रक्कम वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये. जुन्या भाड्याच्या वाड्यात ही मर्यादा इतकी तोकडी ठरते की मोठ्या दुरुस्तीसाठी मालक व सर्व भाडेकरूंनी एकत्र येऊन खर्च वाटून घेणे हाच व्यवहार्य उपाय उरतो.

धोकादायक ठरली तर

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत अभियंत्याकडून संरचनात्मक तपासणी करून घेण्याची तरतूद महापालिका अधिनियमाच्या कलम २६५ (अ) मध्ये आहे. पडण्याच्या बेतात असलेली इमारत कलम २६४ नुसार उतरवून घेण्याचा, तर कलम २६८ नुसार ती रिकामी करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. तपासणीनंतर इमारतीची वर्गवारी होते. ‘सी-१’ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडणे, ‘सी-२ ए’ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, ‘सी-२ बी’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नोटिशीवर कोणता वर्ग आहे, हे वाचल्याशिवाय घबराट किंवा दुर्लक्ष दोन्ही योग्य नाही.

जागा सोडली की हक्क संपला, हा समज सर्वाधिक घातक आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की, महापालिकेने इमारत पाडली एवढ्यानेच भाडेकरार संपुष्टात येत नाही. बाहेर पडताना आपल्या जागेचे मोजमाप महापालिकेच्या नोंदीत घ्यावे, भाडेपावत्या, वीजबिले व छायाचित्रे जपावीत आणि मालकाला लेखी कळवावे. पुनर्बांधणीसाठी कलम १६ खाली ताबा मागणाऱ्या मालकाला मंजूर नकाशे व निधीची तयारी न्यायालयास दाखवावी लागते आणि नव्या इमारतीत भाडेकरूंना जागा देण्याच्या अटीही पाळाव्या लागतात.

नव्याने घेताना

आज जुन्या वास्तूत नव्याने जागा घेणारा बहुधा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार करतो. त्याची स्थिती जुन्या भाडेकरूपेक्षा वेगळी असते. मुदत संपताच कलम २४ नुसार जागा सोडावी लागते. न सोडल्यास दुप्पट शुल्क द्यावे लागू शकते. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे असून नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरले जाते.

सही करण्यापूर्वी पुढील बाबी तपासाव्यात :

* मालमत्ता पत्रकावर सर्व वारसांची नावे आणि करार करणाऱ्याचा अधिकार. वाड्यांत सामाईक मालकी व न्यायप्रविष्ट वाटण्या नेहमीच्या आहेत.
* इमारतीचा मंजूर वापर व घरपट्टीवरील नोंद.
* संरचनात्मक तपासणीचा अहवाल आणि महापालिकेची यापूर्वीची नोटीस.
* तुळयांची टोके, छपराची गळती, जिन्याचा कठडा व भिंतींना सुटलेली पोटे. ही पाहणी पावसाळ्यात करणे उत्तम.
* वीजजोडणीचे वय व स्वतंत्र मीटर. लाकडी घरात जुनी वायरिंग हा आगीचा पहिला धोका आहे.
* बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आणि गल्लीत अग्निशमन बंब पोहोचतो काय.
* दुरुस्ती कोणी, किती मुदतीत करायची आणि त्या काळात शुल्काचे काय, याचा करारातील स्पष्ट उल्लेख.

जुन्या वास्तूत कोणी राहत असेल तरच ती टिकते. कुलूप लागलेला वाडा लवकर ढासळतो. जुने नाशिक राहते ठेवायचे असेल, तर पाहणीचा अहवाल आणि नोंदणीकृत करार या दोन कागदांना चौकाच्या व माडीच्या देखणेपणाइतकेच महत्त्व द्यावे लागेल.