स्वस्त तिकीट नाकारलं तेव्हा

आता आपण १९०१ च्या एफए कपकडे येऊ. टॉटनहॅम हॉटस्पर तेव्हा फुटबॉल लीगमध्ये नव्हताच, सदर्न लीगमधला क्लब. २० एप्रिलला लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर शेफील्ड युनायटेडशी अंतिम सामना झाला. २-२ अशी बरोबरी, प्रेक्षक १,१०,८२०!

एवढी माणसं कुठून आली? कापडगिरण्यांत शनिवारी दुपारी २ ला काम थांबवायचं, हे १८५० च्या कायद्यानं ठरलं होतं. पुढे इतर धंद्यांतही ही अर्धी सुट्टी आली. तिला रेल्वेच्या एकदिवसीय स्वस्त परतीच्या तिकिटाची जोड मिळाली, म्हणून लांबचा सामना कामगाराला परवडू लागला. आमच्या मते कपाचा इतिहास गोलांइतकाच या तिकिटाचाही आहे.

फेरसामना २७ एप्रिलला बोल्टनला ठेवला. तिथल्या स्टेशनाचं बांधकाम चालू होतं. रेल्वे कंपनीनं सवलतीची तिकिटं द्यायला नकार दिला. प्रेक्षक आले फक्त २०,४७०. गर्दीच्या आशेनं दुकानदारांनी भाजून ठेवलेले ढीगभर ‘पाय’ (आपले पाय नव्हेत, आत सारण भरून भाजतात ते!) पडून राहिले. तो दिवस ‘पाय सॅटर्डे’ म्हणूनच ओळखला जातो.

टॉटनहॅम ३-१ नं जिंकला. १८८८ मध्ये लीग सुरू झाल्यापासून लीगबाहेरच्या क्लबनं कप जिंकल्याचा हा एकमेव प्रसंग, आणि तो पाहायला आधीच्या शनिवारच्या एक पंचमांशही माणसं नव्हती.