दोन जानेवारी : फळ्यावरची आणि फळ्याबाहेरची माणसे

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. माझ्या थोरल्या भावाची १ जून, चुलत्याची १ जून, आणि धसईच्या आमच्या वस्तीत माझ्या पिढीच्या निम्म्याअधिक माणसांची हीच तारीख. शाळा जूनमध्ये सुरू होते. वयाचा हिशेब सोपा जावा म्हणून मास्तरांनी आम्हां सर्वांना एकाच दिवशी जन्माला घातले. आईला विचारले तर ती म्हणे, "म्हशाची जत्रा सरली नि तू झालास." म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेची. म्हणजे मी थंडीतला. दाखला मात्र मला पावसाच्या तोंडावरचा ठरवतो.

त्याच शाळेत रोज सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहिला जाई. माझे अक्षर बरे म्हणून एक वर्ष खडू माझ्या हाती आला. पुस्तिकेतून उतरवून घ्यायचे : आज अमुक राजा जन्मला, तमुक पुढारी वारला. थोरांच्या जन्ममृत्यूची तारीख चुकत नसे, आणि ती लिहिणाऱ्या पोराला स्वतःची तारीख ठाऊक नव्हती. इतिहास म्हणजे काय, याचा पहिला धडा मला त्या फळ्याने दिला.

पुढे मीही शिक्षक झालो आणि पुस्तिका बाजूला ठेवून तारखा स्वतः शोधू लागलो. त्यांतली २ जानेवारी माझ्या मनात घर करून राहिली, कारण ती आमच्या मुरबाड तालुक्याची तारीख आहे.

२ जानेवारी १९४३. सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील मारले गेले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब न्हावी कुटुंबात जन्मले. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठी काढली, शाळा चालवल्या. १९४२ मध्ये आझाद दस्ता उभा करून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. मरताना वय अवघे तीस.

दरवर्षी या दिवशी सिद्धगडावर त्यांना मानवंदना दिली जाते, आणि ती योग्यच आहे. पण भाषणांत मनोरे येतात, बंदुका येतात. धान्यकोठी मागे पडते. हातात वस्तरा घेणाऱ्यांच्या घरातला मुलगा वकील होतो तेव्हा त्याला काय काय ओलांडावे लागते, हेही कोणी बोलत नाही. हुतात्मा केला की माणसाची जात आणि त्याचा अर्थविचार दोन्ही झाकून टाकता येतात. आणि त्या जंगलातल्या वाटा कोणाच्या पायांखालच्या? ठाकर-कातकऱ्यांच्याच ना? त्यांच्या नावाचा एक शब्दही मी त्या फळ्यावर कधी लिहिला नाही.

बरोबर एक वर्षाने, २ जानेवारी १९४४ रोजी, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे वारले. जन्म १८७३, जमखंडीचा. ऑक्सफर्डला धर्मशास्त्र शिकून आलेल्या या मराठा माणसाने १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले आणि अस्पृश्यांच्या वस्तीत बिऱ्हाड केले. त्यांची बहीण जनाक्का मिशनच्या कामात खांद्याला खांदा लावून राबली. १९३३ मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ आला. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होते. तो मतभेद मूलभूत होता. आपला उद्धार दुसऱ्याने करायचा की आपला हक्क आपण घ्यायचा, हा तो प्रश्न. त्यात बाबासाहेबच बरोबर होते, असे मी मानतो. पण मतभेद होता म्हणून माणूसच पुसून टाकायचा, ही रीत आपली नव्हे. ती प्रस्थापितांची रीत आहे, आणि ती आपल्याला महाग पडली आहे.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. १ जानेवारीला आम्ही भीमा कोरेगावला जातो. १८१८ च्या लढाईच्या त्या स्तंभापाशी १९२७ साली बाबासाहेब गेले होते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, जन्म १८३१ चा. मधला दिवस प्रवासाच्या शिणवट्यात आणि जयंतीच्या तयारीत निघून जातो. सिद्धगड आपल्याच तालुक्यात असून त्या दिवशी आमच्या वस्तीतून तिकडे जाणारे मी थोडेच पाहिले. शिंद्यांचे नाव तर घेतलेच जात नाही.

२ जानेवारी १९५४ रोजी भारतरत्न हा सन्मान स्थापन झाला. प्रथम तो हयात माणसांपुरताच होता. मरणोत्तर देण्याची सोय १९५५ मध्ये झाली. बाबासाहेब १९५६ मध्ये गेले आणि सन्मान आला १९९० मध्ये. सोय असूनही सरकारी स्मृतीला चौतीस वर्षे लागली.

२ जानेवारी १९८९ रोजी सफदर हाश्मी गेला. आदल्या दिवशी साहिबाबादजवळ कामगारांच्या वस्तीत 'हल्ला बोल' हे पथनाट्य चालू असताना त्याच्यावर हल्ला झाला. त्याच हल्ल्यात राम बहादूर नावाचा कामगारही मारला गेला. सफदरचे नाव देशभर झाले. राम बहादूरचे किती जणांच्या ओठी आहे? कोतवालांमागे हिराजी पाटील, शिंद्यांमागे जनाक्का, सफदरमागे राम बहादूर. दुसरे नाव गळते ते असे.

तारखेत काही गुण असतो, असे मी म्हणत नाही. शुभ-अशुभ दिवस सांगणारे पंचांग आपण केव्हाच फेकून दिले. ही माणसे एका तारखेला गेली हा निव्वळ योगायोग आहे. पण तारखेखाली कोणाचे नाव लिहायचे आणि कोणाचे गाळायचे, हा योगायोग नसतो. तिथे कोणाच्या तरी हातात खडू असतो.

म्हणून मी एक वही घातली आहे. आमच्या वस्तीत कोण केव्हा जन्मले, कोण केव्हा गेले, शाळेत पहिली मुलगी कधी बसली, हे मी म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहितो. तारीख मिळत नाही तिथे "म्हशाच्या जत्रेनंतर", "पहिल्या पेरणीला" असे लिहितो. खोट्या १ जूनपेक्षा ते खरे आहे. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. प्रत्येक गावच्या बुद्धविहारात अशी एक वही असावी, आणि ती यंदाच सुरू व्हावी.