मागासपणाच्या प्रतवारीची कुळकथा

कारखाना आपल्याकडे यावा म्हणून दोन शेजारी जिल्हे स्वतःच्या तिजोरीतून बोली लावतात, असं महाराष्ट्रात घडत नाही. राज्याचा कर माफ करण्याचा अधिकार ना जिल्हाधिकाऱ्यांना आहे, ना जिल्हा परिषदेला. अमेरिकेत मात्र मिसिसिपी राज्याने 1936 सालीच गावांना आणि काउंट्यांना कर्जरोखे काढून कारखानदाराला इमारत बांधून देण्याची मुभा दिली होती. आपल्याकडे सवलतीचा दर मुंबईत ठरतो, म्हणून जिल्ह्यांची चुरस लागते ती मंत्रालयाच्या यादीत अधिक मागास म्हणून नोंद होण्यासाठी. विदर्भातला वाशीम जिल्हा या यादीत सर्वांत वरच्या सवलतीपर्यंत पोहोचला. तिथे पोहोचून हाती काय लागलं, हे कळायला या यादीचं कूळ शोधावं लागतं.

1960 साली महाराष्ट्र झाला तेव्हा उद्योग मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात दाटले होते. समतोल विकासाचा शब्द विदर्भाला 1953 च्या नागपूर करारानेच दिला होता. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि 1964 मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली. या पट्ट्याबाहेर कारखाना काढणाऱ्याला सवलती द्यायच्या, एवढी साधी तिची कल्पना होती. दर काही वर्षांनी ती नव्याने बेतली गेली आणि तालुक्यांना अ, ब, क, ड आणि पुढे ड प्लस अशा श्रेण्या मिळाल्या. केंद्र सरकारनेही 1971 पासून मागास जिल्ह्यांतल्या गुंतवणुकीवर 10 टक्के अनुदान सुरू केलं. 1983 मध्ये ‘विनाउद्योग जिल्हा’ हा वर्ग करून तिथे ते 25 टक्क्यांवर नेलं. केंद्राचं अनुदान 1988 मध्ये बंद झालं, पण तो वर्ग राज्याच्या योजनेत टिकून राहिला.

खरं वळण आलं ते 1 जानेवारी 2000 ला. विक्रीकरात सूट देऊन एकमेकांचे कारखाने ओढण्यात सगळ्याच राज्यांच्या तिजोऱ्या आटत होत्या, म्हणून नव्या कारखान्यांना अशी सूट द्यायची नाही असं राज्यांनी मिळून ठरवलं. मग महाराष्ट्राने वाट बदलली. कारखानदाराने कर आधी भरायचा आणि सरकारने तो अनुदान म्हणून परत करायचा, अशी पद्धत पुढे रुळली. नाव अनुदानाचं झालं, पण त्याची दोरी कराशीच बांधलेली राहिली.

वाशीम इंग्रजी अमदानीत स्वतंत्र जिल्हा होता. 1905 मध्ये त्याचा बहुतेक भाग अकोल्यात विलीन झाला आणि 1 जुलै 1998 ला तो पुन्हा वेगळा झाला. 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत त्याचं नाव आलं. गडचिरोली, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे राज्यातले बाकीचे तीन. 2019 च्या प्रोत्साहन योजनेत लघु व मध्यम उद्योगांसाठी विदर्भाची सवलतीची सर्वसाधारण मर्यादा गुंतवणुकीच्या 80 टक्के होती, आकांक्षित आणि विनाउद्योग जिल्ह्यांची 100 टक्के, मुदत दहा वर्षं. म्हणजे अकोला आणि बुलढाणा 80 वर, तर वाशीम आणि पलीकडचा विनाउद्योग हिंगोली 100 वर.

आता हे 100 टक्के वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरच्या एखाद्या सोयाबीन तेल गिरणीला लावून पाहू. ही फक्त कमाल मर्यादा आहे. मुख्य अनुदान मिळतं ते राज्यात विकलेल्या मालावरच्या राज्य जीएसटीतून. खाद्यतेलावर जीएसटी 5 टक्के, त्यातला राज्याचा वाटा अडीच. वर्षाला एक कोटी परत मिळवायचे तर 40 कोटींचं तेल राज्यातच खपायला हवं. पशुखाद्यासाठी जाणारी पेंड करमुक्त, म्हणजे तिच्यातून परतावा शून्य. तेल परराज्यात गेलं तर त्यावर आयजीएसटी लागतो, तोही हिशेबात नाही. डाळ मिलची गत याहून बिकट, कारण सुट्या डाळीवर करच नाही. व्याजात आणि वीजबिलात मिळणारी सवलत लहान गिरणीला खरा हात देते, पण जाहिरात 100 टक्क्यांची होते. शेतमालावर जगणाऱ्या जिल्ह्याला करावर बेतलेली सवलत देणं ही या योजनेतली मूळची चूक आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आणि कारखानदार शेवटी टक्के पाहून जागा ठरवत नाही, तो आधी पाण्याचं विचारतो. काटेपूर्णा नदी वाशीम जिल्ह्यातल्या डोंगरांत उगम पावते, उत्तरेला उतरते, महानच्या धरणात अडते आणि अकोला शहराला व तिथल्या एमआयडीसीला पाणी पुरवते. 20 टक्के जादा सवलत हा फरक भरून काढू शकत नाही. रेल्वेचंही तसंच. वाशीमवरून जाणारा अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज व्हायला 2008 उजाडलं. तोवर मीटरगेजवरून आलेला माल अकोल्यात उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचा, म्हणजे हमाली दोनदा आणि नासधूसही.

डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि जिल्ह्यातल्या कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या बाजूला पहिल्यांदाच प्रतवारीपलीकडचं काही आलं. या रस्त्याचा उपयोग कोणत्याही शासन निर्णयाच्या मुदतीवर अवलंबून नाही. पण त्यावरून वाशीमचं सोयाबीन जितक्या सहज बाहेर जातं, तितक्या सहज इथे गिरणी उभी राहायची तर आधी पाण्याची सोय हवी आणि अनुदानाचा हिशेब कराऐवजी इथे दिलेल्या मजुरीवर व्हायला हवा.