चैत्रातले पाहुणे : खुलताबाद–म्हैसमाळच्या डोंगरावरील पाहुणचाराचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरहून वायव्येला निघालेला रस्ता दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढतो आणि सुमारे 25 किलोमीटरवर खुलताबादला पोहोचतो. शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 570 मीटर आहे. खुलताबाद त्याहून अडीचशे मीटरपेक्षा अधिक उंचावर, तर तिथून 12 किलोमीटर पुढचे म्हैसमाळ 1067 मीटरवर वसले आहे. याच पठाराच्या पश्चिम कड्यात वेरूळची लेणी कोरलेली आहेत, आणि संत एकनाथांनी जिथे तप केले असे मानले जाते ते शूलिभंजनही याच डोंगरावर आहे. चैत्र पौर्णिमेला खुलताबादेत भद्रा मारुतीचा जन्मोत्सव होतो आणि त्याच दिवशी म्हैसमाळला गिरिजादेवीची यात्रा भरते. या सुमारास डोंगरावरच्या गावांत लेकीबाळी, जावई, सोयरेधायरे येतात आणि घरे भरून जातात.

महाराष्ट्रातील थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास सहसा इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांपासून सांगितला जातो. खुलताबाद–म्हैसमाळचा इतिहास त्याहून बराच जुना आहे. इथे माणसे आधी देवाला आणि दर्ग्याला आली, त्यांच्यासाठी घरे उघडली गेली, आणि डोंगरावरची सुट्टी ही या पाहुणचारातून पुढे आकाराला आली.

चैत्रच का?

मराठवाड्यात शाळू ज्वारी, गहू आणि हरभरा ही रब्बीची पिके माघ-फाल्गुनात निघतात. खळी उरकून धान्य घरात येते आणि मृगाच्या पेरणीपर्यंत शेतातले मोठे काम राहत नाही. बैल मोकळे असतात, वाटा कोरड्या असतात, नद्या-ओढे उतरून जाता येतात. वर्षातून याच काळात शेतकरी कुटुंबाजवळ पाहुण्यांना घालायला धान्य असते आणि स्वतः पाहुणे म्हणून जायला सवडही असते. महाराष्ट्रातल्या अनेक डोंगरदेवतांच्या मोठ्या यात्रा म्हणूनच चैत्रात येतात. वणीची सप्तशृंगी, कोल्हापूरजवळचा जोतिबा, शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव आणि येरमाळ्याची येडेश्वरी ही त्यांतली ठळक उदाहरणे आहेत.

दुसरे कारण हवेचे. साधारण 100 मीटर उंचीमागे तापमान अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते. त्या हिशेबाने म्हैसमाळ शहरापेक्षा सुमारे तीन अंशांनी थंड असते. एप्रिलअखेर शहरात पारा 40 अंशांच्या घरात जातो. दिवसा डोंगरावरही ऊन लागते, पण पठार चारही बाजूंनी उघडे असल्याने सूर्य मावळताच वारा सुटतो आणि रात्री निवतात. दगडी तटाच्या आतल्या दाटीच्या शहरात भिंती रात्रभर उष्णता सोडत राहत. तिथून आलेल्या माणसाला डोंगरावरची रात्र हेच मोठे सुख होते.

खानकाह, लंगर आणि इनामे

या डोंगरावरील पाहुणचाराच्या लेखी खुणा चौदाव्या शतकापासून सापडतात. मुहंमद बिन तुघलकाने 1327 मध्ये दौलताबादला राजधानीचा दर्जा दिला आणि दिल्लीहून अनेक कुटुंबे दख्खनेत आली. त्या आधीच, 1309 मध्ये, चिश्ती संत मुंतजबुद्दीन जरजरी जरबख्श यांचे निधन झाले होते आणि त्यांना या डोंगरावर दफन करण्यात आले होते. त्यांचे बंधू बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे 1337 मध्ये आणि जैनुद्दीन शिराजी यांचे 1369 मध्ये निधन झाले. त्यांच्याही कबरी इथेच झाल्या. या दर्ग्यांमुळे गावाला रौजा हे नाव पडले.

चिश्ती परंपरेत खानकाहमध्ये येणाऱ्याला जेवू घालणे ही साधनेचीच बाजू मानली जाते. दर्ग्याच्या लंगरात प्रवासी, फकीर आणि गावातले गरीब एका पंगतीला बसत. हा खर्च चालावा म्हणून राज्यकर्त्यांनी गावे इनाम दिली. खानदेशच्या फारुकी घराण्याची या संतांवर एवढी श्रद्धा होती, की तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला बुऱ्हाणुद्दीन यांचे आणि समोरच्या जैनाबादला जैनुद्दीन यांचे नाव देण्यात आले. औरंगजेबाचे 1707 मध्ये अहमदनगरजवळ निधन झाले आणि त्याच्या इच्छेप्रमाणे जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याची साधी कबर करण्यात आली. त्याला मरणोत्तर मिळालेल्या ‘खुल्द-मकान’ या उपाधीवरून गावाचे नाव खुल्दाबाद, म्हणजे मराठी बोलण्यातले खुलताबाद, झाले. मलिक अंबर आणि पहिला निजाम आसफजाह यांच्याही कबरी याच गावात आहेत.

जरजरी जरबख्श यांचा उरूस रबीउल अव्वल महिन्यात भरतो. चांद्र वर्ष दर वर्षी सुमारे 11 दिवसांनी मागे सरकत असल्याने हा उरूस सगळ्या ऋतूंतून फिरतो. 2006 ते 2008 या वर्षांत तो मार्च-एप्रिलमध्ये आला होता. अशा वर्षांत गावाला उरसाचे आणि चैत्रातल्या यात्रेचे पाहुणे थोड्याच अंतराने सांभाळावे लागतात. उरसाला मुसलमान घरांतून लेकी माहेरी येतात, चैत्र पौर्णिमेला हिंदू घरांतून येतात. पाहुण्यांनी गाव भरून जाणे ही इथे दोन्ही समाजांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे.

वेरूळचे भोसले आणि अहिल्याबाई

डोंगराच्या पायथ्याचे वेरूळ हे भोसले घराण्याचे गाव. बाबाजी भोसले तिथले पाटील होते. पाटलाच्या वाड्यावर वाटसरू, यात्रेकरू आणि सरकारी माणूस उतरणार, हे पाटीलकीबरोबर येणारे कर्तव्य होते. बाबाजींचे पुत्र मालोजीराजे यांनी घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेत पाण्यावाचून होणारे हाल पाहून तिथे मोठा तलाव बांधण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. उन्हाळ्यात डोंगरावर माणसे बोलवायची तर आधी पाण्याची सोय हवी, हे वेरूळच्या माणसाला घरच्या अनुभवाने ठाऊक होते.

अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी घृष्णेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. वेरूळचे शिवालय तीर्थ हे पायऱ्यांचे चौकोनी कुंडही त्यांच्याच कार्याशी जोडले जाते. यात्रेकरूंसाठी कुंड, घाट आणि धर्मशाळा बांधण्याचा त्यांचा शिरस्ता देशभर दिसतो. नात्यातला पाहुणा घरी उतरे; ज्याला नाते नाही त्याची सोय अशा सार्वजनिक बांधकामांतून होई.

यात्रेचे घर

यात्रेच्या पाहुणचाराची तयारी गुढीपाडव्याच्या आधीच सुरू होत असे. घर शेणाने सारवायचे, भिंती पांढऱ्या मातीने पोतारायच्या, वाकळी धुऊन वाळवायच्या, सरपण साठवायचे. सासरच्या लेकीला आणायला भाऊ किंवा घरातला मुलगा मुराळी म्हणून जाई. लहान मुले असली तर गाडीला तट्ट्या लावून वर पाल घातले जाई. वाटेसाठी शिदोरीत दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असे. दशमीचे पीठ दुधात मळलेले असल्याने ती दोन दिवस टिकते, म्हणून प्रवासाला तीच निवडली जाई.

घरी आलेल्याला आधी पाय धुवायला पाणी, मग गूळ-पाणी. पुरुषमंडळी ओसरीवर किंवा ढाळजेत, बायका माजघरात आणि रात्री सगळे माळवदावर, अशी झोपण्या-बसण्याची वाटणी असे. मातीच्या सपाट छताचे माळवद हे मराठवाड्याच्या घराचे वैशिष्ट्य. उन्हाळ्यात ते एका रात्रीत वीस-पंचवीस माणसांची झोपायची जागा होई, त्यामुळे दोन खणांच्या घरालाही पाहुणे जड होत नसत.

यात्रेच्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य. हरभऱ्याची डाळ, गूळ आणि गहू हे सारे त्याच हंगामातले असल्याने पुरणाला विकत आणावे लागे ते थोडेच. एरवीच्या जेवणात भाकरी, पिठले, कैरीची चटणी आणि ताक असे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे होई. यात्रेत गोडीशेव, रेवड्या आणि बत्तासे घेऊन मुलांच्या हाती दिले जात.

माहेरी आलेल्या लेकी केवळ पाहुण्या म्हणून बसून राहत नसत. कुरडया, पापड, शेवया यांचे वर्षभराचे वाळवण याच दिवसांत होई, आणि त्याला अनेक हात लागत. चार बहिणी एकत्र आल्या की एका घराचे काम आठवड्यात उरके. परत जाताना प्रत्येकीच्या गाठोड्यात त्यातला वाटा, डाळ-दाणा आणि लोणचे असे. ओटी भरून, चोळीचा खण देऊन लेकीची बोळवण होई. पाहुणचाराचे हे ओझे मुख्यतः घरातल्या सुनेवर पडे, कारण तिचे स्वतःचे माहेर यात्रा संपल्यावरच तिला मिळे. चैत्री यात्रेचा इतिहास लिहिताना देवळांच्या आणि राजांच्या नावांबरोबर तिच्या कष्टांचीही नोंद व्हायलाच हवी.

त्यातले सर्वांत मोठे कष्ट पाण्याचे होते. हा डोंगर काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. पावसाचे पाणी उतारावरून वाहून जाते आणि खडकातल्या भेगांत मुरते तेवढेच मागे राहते. गिरिजा नदी याच डोंगररांगेत उगम पावते, तरी चैत्रात तिच्या उगमाकडे पाणी क्वचितच असते. खुलताबादचा परियोंका तालाब, भद्रा मारुतीजवळचे भद्राकुंड, आड आणि बारवा यांवर गाव निभावे. पाहुणे येण्याच्या आदल्या रात्री रांजण भरून ठेवणे हे यजमानिणीचे पहिले काम होते. 1972 सारख्या दुष्काळाच्या वर्षी पाहुण्यांना बोलावणे धाडण्याआधी विहिरीचा तळ पाहावा लागे.

हवापालटाची दुसरी वाट

एकोणिसाव्या शतकात डोंगरावर वेगळ्या प्रकारचे पाहुणे येऊ लागले. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना 1828 नंतर महाबळेश्वरची वसाहत वाढली, 1850 मध्ये ह्यू मॅलेटने माथेरान शोधले, आणि वऱ्हाडातले चिखलदरा तर हैदराबादच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांनीच 1823 मध्ये पाहिले होते. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, छावणीत हैदराबाद कंटिन्जंटचे अधिकारी राहत. उन्हाळ्यात ते खुलताबादला हवापालटासाठी येत. तिथे त्यांनी नवे गाव वसवले नाही. घुमटांच्या काही जुन्या इमारतींत दारे-खिडक्या बसवून त्यांचे विश्रामगृह केले गेले, आणि वेरूळची लेणी पाहायला येणारे युरोपीय प्रवासीही तिथे उतरू लागले.

महाबळेश्वरात बंगले, बाजार आणि क्लब यांनी गाव घडवले. खुलताबादेत गाव आधीच होते आणि त्याला स्वतःचे पाहुणे होते. त्यामुळे हवापालटाची इंग्रजी पद्धत इथे वरवरच राहिली. छावणीचे महत्त्व ओसरले तशी ती संपली. चैत्रातली आणि उरसातली वर्दळ मात्र चालूच राहिली.

रेल्वे, बस आणि रात्रीची पायवाट

1900 च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे सुरू झाली आणि औरंगाबाद व दौलताबादला स्थानके आली. जालना, परभणी, नांदेडकडचे नातेवाईक एका दिवसात डोंगराच्या पायथ्याशी येऊ लागले. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने बससेवा काढली. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. त्यानंतर एसटीच्या लाल गाड्या गावोगाव पोहोचल्या. बैलगाडीने आलेला पाहुणा आठ-पंधरा दिवस राहत असे, कारण एवढा प्रवास दोन दिवसांसाठी करण्यात अर्थ नव्हता. बसने आलेला पाहुणा चार दिवस राहू लागला, आणि मोटारीने आलेला पुष्कळदा दर्शन घेऊन, जेवून संध्याकाळी परततो. शाळेची मे महिन्याची सुट्टी रूढ झाल्यावर मुलांचे आजोळी राहणे चैत्राकडून वैशाखाकडे सरकले.

मुक्काम आखडला, तशी पाहुणचाराची एक नवी रीत पुढे आली. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसे पायी खुलताबादला निघतात. नगर नाका, शरणापूर, दौलताबाद आणि मग घाट असा हा मार्ग आहे. उन्हामुळे चालणे रात्रीच होते, आणि सूर्योदयाच्या जन्मोत्सवाला पोहोचता येते. मारुतीची शयनस्थितीतली मूर्ती हे इथले वेगळेपण. अशी मूर्ती प्रयागराजला आणि मध्य प्रदेशातल्या जामसावळीलाही आहे. वाटेवर तरुण मंडळे, व्यापारी आणि आसपासचे गावकरी मांडव घालून रात्रभर पाणी, चहा, सरबत, खिचडी देतात. पूर्वी एका घराने एका नातलगासाठी जे केले, ते इथे अनोळखी माणसासाठी रस्त्यावर केले जाते.

आजची स्थिती

म्हैसमाळला आता पर्यटक मुख्यतः पावसाळ्यात जातात, कारण हिरवे पठार आणि ढग त्यांना ओढतात. वेरूळची लेणी 1983 पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि तिथला प्रवासी हॉटेलात उतरतो. खुलताबाद, वेरूळ, म्हैसमाळ आणि शूलिभंजन यांचा एकत्र विकास करण्याची सरकारी योजना रस्ते आणि निवासाच्या सोयींवर भर देते. माळवदांच्या जागी सिमेंटचे स्लॅब आले आहेत, आणि नळाचे पाणी रोज येत नसल्याने रांजणाची जागा प्लॅस्टिकच्या टाक्यांनी घेतली आहे.

तरीही चैत्र पौर्णिमेचे वेळापत्रक बदललेले नाही. त्या आठवड्यात पुणे-मुंबईला नोकरीला गेलेली मुले गावी येतात, लेकी माहेरी येतात आणि पुरणाचा घाट घातला जातो. ज्या गावाला पाणी नेहमीच कमी होते, त्या गावाने साडेसहाशे वर्षांहून अधिक काळ उन्हाळ्यातच माणसे बोलावली आणि त्यांना उपाशी किंवा तहानलेले परत पाठवले नाही. या डोंगराचा विकास आखणाऱ्यांनी तळी, बारवा आणि आड यांची दुरुस्ती पहिल्या क्रमांकावर ठेवली, तर ही परंपरा टिकेल. कारण इथला पाहुणचार आजवर साठवलेल्या पाण्यावर आणि घरच्या बायकांच्या कष्टांवर उभा राहिला आहे.