खोडीपासून विषाणूपर्यंत : संगणकाच्या बालपणातील एक प्रकरण

आपल्या शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीतच संगणक प्रयोगशाळेतून वर्गात आणि वर्गातून घरात आला. त्याच्याबरोबर मुलांची खोडकर वृत्तीही त्यात शिरली. तिचा इतिहास लहान असला तरी बोधप्रद आहे.

१९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ हा शालेय संगणक-साक्षरतेचा प्रकल्प हाती घेतला. प्रारंभी सुमारे अडीचशे शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ संगणक मिळाले. त्यांची स्मृती अवघी ३२ किलोबाइट; परंतु यंत्र सुरू करताच बेसिक भाषा सेवेला हजर असे. दहा क्रमांकाच्या ओळीत मित्राचे टोपणनाव छापण्याची आज्ञा आणि विसाव्या ओळीत पुन्हा दहाकडे जाण्याची आज्ञा, एवढ्या भांडवलावर सारा पडदा त्या नावाने भरून टाकता येई. एस्केपची कळ दाबली की खोडी संपे. मागे काही उरत नसे.

पण न संपणाऱ्या खोडीचीही सुरुवात तोपर्यंत झालेली होती. अमेरिकेतील रिच स्क्रेंटा हा शाळकरी मुलगा मित्रांच्या खेळांच्या फ्लॉपींमध्ये गुपचूप फेरफार करी. साहजिकच मित्र त्याला फ्लॉपीला हात लावू देईनात. तेव्हा १९८२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने अ‍ॅपल टू संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ लिहिला. हा कार्यक्रम एका फ्लॉपीवरून दुसरीवर आपोआप पसरे आणि पन्नासाव्या वेळी यंत्र सुरू केले की पडद्यावर एक कविता झळकवी. मित्रांनी दिलेला नकार त्याने अशा रीतीने निष्प्रभ केला.

१९९० मध्ये भारतात आढळलेल्या एका विषाणूला तर आपल्या ओळखीचे आडनाव लाभले : ‘जोशी’. ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकित करण्यास फर्मावी. शुभेच्छा दिल्या की यंत्र मुकाट्याने पुढे चाले! वरवर हा विनोदच. परंतु हा विषाणू डिस्कच्या आरंभीच्या भागात दडून बसे आणि तो भाग तपासू जाता मूळचा निर्दोष मजकूर दाखवून तपासणाऱ्याची दिशाभूल करी. नुसते आडनाव पाहून कर्त्याचा तर्क करणे मात्र अन्यायाचे ठरेल.

अशा उपद्रवांतूनच उपायही जन्माला आले. पुण्यात संगणकदुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर यांच्याकडे विषाणूबाधित यंत्रे येत. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी विषाणू काढून टाकणारे कार्यक्रम लिहिले आणि १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले. यंत्राच्या अंतरंगात शिरण्याची जिज्ञासा दोन्हीकडे होती. भेद होता तो हेतूचा आणि संमतीचा. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानेही नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले : मालकाच्या अनुमतीवाचून संगणकात विषाणू सोडणाऱ्यास भरपाईची जबाबदारी टाळता येत नाही.

अमौसीतील आपल्या मुलांच्या हाती आज त्या बीबीसी मायक्रोहून कितीतरी समर्थ यंत्र असते. त्यांच्या खोडकरपणाला आपण सरसकट दटावू नये. त्यात उद्याचा अभियंता दडलेला असू शकतो. पालकांनी आणि आम्ही शिक्षकांनी त्यांना एकच कसोटी द्यावी : ज्याची खोडी काढली, त्याला ती हवी तेव्हा थांबवता येते का? येत असेल तर तो खेळ. नसेल तर तो विश्वासघात.